दर्भाचा कावळा

माझी बहीण प्रभा मेली ती डॉक्टर वेणीमाधवांमुळे, आणि ती मेल्यानंतर जे झालं तेही त्यांच्याचमुळे. हे डॉक्टर माझे सख्खे काका. व्हिएन्नाला शिकून आलेले. सोलापुरात रस्त्याने निघाले की दुकानदार उठून उभे राहतात. राहोत. मी काय पाहिलं ते सांगतो, मग त्यांना हात जोडायचे की नाही ते तुम्ही ठरवा.

त्या वर्षी मी पुण्याचं कॉलेज सोडून घरी आलो होतो. प्रोफेसरांना तोंडावर म्हटलं होतं की तुम्हालाच हे येत नाही, आणि माफी मागायला नकार दिला होता. नाना, म्हणजे माझे वडील, माझ्याशी थेट बोलायचे बंद झाले होते. पाणी हवं असलं तरी "त्याला सांग" म्हणून आईला सांगत. काका तेवढे बोलले. "कॉलेज सोडलंस ना यज्ञेश्वर? मग निदान बाटल्या धू."

स्टेशनजवळच्या त्यांच्या बंगल्यात पुढे दवाखाना आणि मागे प्रयोगशाळा होती. रोग होतो तेव्हा शरीरातली पेशी नेमकी कशी बिघडते, हे त्यांना शोधून काढायचं होतं. त्यासाठी जिवंत पेशी शरीराबाहेर वाढवायची त्यांची युक्ती होती. मधे खळगा असलेली जाड काच घ्यायची. तिच्यावर एक पातळ काच पालथी ठेवायची. त्या पातळ काचेला रक्ताच्या निवळीचा एक थेंब लटकलेला, आणि थेंबात तिळाएवढा मांसाचा तुकडा. कडा मेणाने बंद करून ती काच तांब्याच्या ऊबपेटीत ठेवायची. पेटीच्या दुहेरी भिंतीत कोमट पाणी, खाली रॉकेलचा दिवा. कोंबडीच्या अंड्यातल्या पिल्लाचं काळीज असं ठेवलं की ते थेंबातच धडधडत राहतं. मी ते पाहिलंय. शाळेतली पोरं ते दाखवा म्हणून यायची.

प्रभाच्या गळ्याच्या मुळाशी गाठ होती. आधी सुपारीएवढी, मग लिंबाएवढी. गाठीने श्वासाची वाट अरुंद केली होती, म्हणून श्वास घेताना तिच्या गळ्यातून बारीक शीळ निघे. मला हाक मारायची तर आधी ती शीळ, मग जरा थांबणं, मग "दादा". घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून मला ते ओळखू येई.

ऑपरेशन काकांनीच केलं. म्हणाले, सगळी गाठ काढली. होळीपर्यंत ती हिंडत-फिरत होती. मग गाठ परत उठली आणि चैत्रात प्रभा गेली.

दहाव्याला आम्ही तळ्याकाठी गेलो. पिंड मांडला. समोरच्या लिंबावर कावळे गच्च बसले होते, पण एकही खाली येईना. गुरुजी म्हणाले, "मुलीची काही इच्छा राहिली असेल, शब्द द्या." आईने शब्द दिला, तुझी पुस्तकं कुणाला देणार नाही. कावळा हलला नाही. नानांनी हात जोडले, "यज्ञेश्वराला परत कॉलेजात घालीन." मेलेल्या पोरीलासुद्धा यांचा शब्द काय, तर माझ्या डोक्यावर बसण्याचा. कावळे माना वळवून शहराकडे बघत होते, स्टेशनच्या बाजूला. ऊन माथ्यावर आलं. गिरणीचा भोंगा झाला.

काकांनी खिशातलं घड्याळ काढलं. "दर्भाचा कावळा करा आणि आटपा. मला काम आहे."

तशी सोय शास्त्रात आहे. कावळा आलाच नाही तर दर्भ वळून कावळा करायचा आणि त्याने पिंडाला शिवायचं. गुरुजींनी मुकाट्याने चार काड्या पिळल्या, पिंडाला लावल्या, आणि झालं. माणूस सुटलं. मोठी माणसं एकमेकांकडे बघून उठली. या माणसांना गवताचा कावळा चालतो. सगळंच चालतं.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे स्टेशनवरून बर्फ आणायला गेलो. भुशात घातलेली लादी पोत्यात गुंडाळून आणली तेव्हा काका प्रयोगशाळेत मायक्रोस्कोपवर वाकलेले होते. मान वर न करता म्हणाले, "ये. बघ."

मी डोळा लावला. मधे काळपट तुकडा, आणि त्याच्या कडेने बाहेर पडलेल्या लांबट पेशी. मागावर सूत सुटून लोंबावं तशा, एकीला धरून दुसरी.

"कोंबडीचं?"

"प्रभाचं."

मी डोळा काढला नाही. काढता आला नाही.

"ऑपरेशनच्या वेळचं," काका म्हणाले. "अजून वाढतंय. आमच्या व्हिएन्नाच्या प्रोफेसरांनाही माणसाच्या गाठीचं इतकं साधलं नव्हतं."

"म्हणजे ती अजून..."

"ती म्हणजे कोण? या पेशी आहेत. पेशीला नाव नसतं." मग आवाज मऊ केला. काकांनी आवाज मऊ केला की समजावं, काहीतरी काढून घेणार. "कोंबडीच्या निवळीवर ती आता नीट वाढत नाही. माणसाचं रक्त पाहिजे. जवळच्याचं असलं तर उत्तम."

मी घरी येऊन नानांना सांगितलं. वाटलं, निदान आता तरी माणूस चिडेल. नानांनी आईकडे बघितलं आणि म्हणाले, "त्याला सांग, काका मागतात ते द्यावं. कुळाचं नाव होतंय."

मी दिलं. कुळासाठी नाही. तिला उपाशी ठेववेना म्हणून.

काका माझ्या दंडाला रबरी नळी बांधून रक्त काढत, बर्फात ठेवत, वरची निवळी घेऊन थेंब बदलत. माझी खुर्ची ऊबपेटीच्या उजवीकडे असे. काही दिवसांनी काकांच्या लक्षात आलं की पेशी चहूकडे वाढत नाहीत, एकाच बाजूला वाढतात. उजवीकडे. त्यांनी काच उलटी फिरवून ठेवली. दुसऱ्या दिवशी वाढ वळसा घालून परत माझ्या खुर्चीकडे आली होती. मला खुर्ची डावीकडे घ्यायला लावली. वाढही डावीकडे आली.

"चमत्कार आहे," काका म्हणाले आणि हात चोळले. मला घाम फुटला होता. त्यांनी तो पुसायलाही सांगितलं नाही.

सोलापूरचा वैशाख तुम्हाला ठाऊक आहे. खोलीच अंगापेक्षा जास्त तापायची, म्हणून पेटीखालचा दिवा केव्हाच विझवला होता. उलट पेटीवर ओली फडकी टाकायची, दाराला वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी मारायचं. सिद्धाराम नावाचा गडी ते करी. कोंबड्याही तोच सांभाळी.

एका दुपारी तो कळशी तशीच ठेवून ओसरीवर येऊन बसला.

"काय रे, पाणी मारलंस?"

"न्हाय मारत. धाकलं मालक, त्यो डबा शीळ घालतोय."

"कोंबडी असेल."

"कोंबडी शीळ घालती व्हय? आन् घातली तर मी तिला कापणार कसा?" तो हसला, पण मग हसू गिळलं. "म्या न्हाय जायचा आत. लई वंगाळ आवाज हाय. तुमी जावा की."

मी काकांना विचारलं. ते दवाखान्यात जेवणानंतर आडवे झाले होते. डोळे न उघडता म्हणाले, "पाण्याची वाफ असेल."

"दिवा विझलाय. वाफ कुठून?"

"बाटल्या धू."

मी आत गेलो. गिरणीचा भोंगा नुकताच थांबला होता. भोंग्यानंतर दुपार अशी काही रिकामी होते, की कानात आपलंच रक्त ऐकू येतं. वाळ्याचा ओला वास, मेणाचा वास. आणि त्यांच्याखाली तिसरा... शिकेकाईचा. ओल्या केसांतली शिकेकाई. त्या खोलीत बाईमाणूस कधी पाऊल टाकत नव्हतं.

मी खुर्चीवर बसलो.

पेटीतून शीळ आली. बारीक. अरुंद वाटेतून ओढून घेतलेला श्वास.

मग थांबणं.

मी वाट पाहत राहिलो. पुढचा शब्द आला नाही. तिथे गाठ होती, तोंड नव्हतं. परत शीळ... परत थांबणं... आणि शब्दाच्या जागी काहीच नाही. किती वेळ ते चाललं सांगता येत नाही. हाक मारायची आणि हाकेला शब्दच नाही, असं कुणाचं ऐकलंय तुम्ही? मी मात्र बसल्या बसल्या "काय गं" म्हणून गेलो.

शीळ थांबली. पेटीच्या काचेच्या दारावर, आतून, श्वासाचं एक धुकं धरलं.

मी तडक काकांच्या खाटेशी गेलो. "तुम्ही गाठ सगळी काढली होती का?"

"दुपारी झोपू दे."

"सगळी काढली होती का?"

ते उठून बसले. चष्मा लावला. खोटं बोलण्याचेही कष्ट घेतले नाहीत. "मूळ ठेवलं होतं. गाठ परत कशी उठते, ते शरीरात आणि काचेत एकाच वेळी पाहायचं होतं. तसं पुन्हा कुणाला मिळणार नाही. हजारो लोकांचा उपयोग होईल."

"नानांना माहीत होतं?"

"नानाने कधी मला प्रश्न विचारलाय?"

न्हाणीघरातला बंब पेटलेला होता. मी प्रयोगशाळेत जाऊन पेटीचं दार उघडलं, प्रभाच्या सगळ्या काचा उचलल्या आणि त्या ओंजळीत घेऊन न्हाणीघराकडे पळालो. काका ओरडत मागे. काचा ऊबदार होत्या, आणि शप्पथ सांगतो, त्या हाताला बिलगल्या. मी त्या बंबाच्या निखाऱ्यात टाकल्या. मेण भपकन पेटलं. शेवटची पातळ काच हातातून सुटेना. झटकली तेव्हा ती मोडली आणि उजव्या हाताच्या बोटात घुसली.

मला वाटलं काका मारतील. त्यांनी हात उगारलाही. मग बोटाचं रक्त दिसलं, आणि उगारलेला हात हळूच खाली आला. त्यांनी माझं मनगट धरलं, बोट उजेडात नेलं.

"थेंब होता का त्या काचेवर?"

"होता."

"धुवू नकोस," काका म्हणाले. इतक्या प्रेमाने ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. "अजिबात धुवू नकोस."

मी हिसका देऊन सुटलो, नळाखाली बोट धरलं, टिंक्चर ओतलं, चिंधी बांधली. आईकडून दहीभात घेतला. कशाला, ते तिने विचारलं नाही. तळ्याकाठी जाऊन पान मांडलं. म्हटलं, "प्रभा, जाळलं सगळं. आता जा."

लिंबावरचे कावळे या वेळी लगेच उतरले. मला रडू आलं. मग पाहिलं तर पानाकडे कुणी बघतही नव्हतं. ते माझ्याभोवती गोल करून बसले. एक जण उडून माझ्या उजव्या मनगटावर बसला, मान वाकडी केली, आणि चिंधी बांधलेल्या बोटाला एकदाच चोच लावली. पिंडाला लावतात तशी.

आषाढात बोटात सुपारीएवढी गाठ आली. काका रोज घरी येऊ लागले. येताना माझ्यासाठी फळं आणत. बोट चाचपत, मोजत, मिटल्या ओठांनी हसत. नाना आईला म्हणाले, "त्याला सांग, काकांचे उपकार मान." गाठ मनगटात आली, मग त्याच्याही वर. काका म्हणत, "कापायची घाई नको."

मी न सांगता निघालो. कुर्डुवाडीला गाडी बदलून मिरजेला पोचलो. तिथल्या सर्जनने गाठीचा तुकडा मायक्रोस्कोपखाली पाहिला आणि मला परत आत बोलावलं.

"घरात कुणाला गळ्याचा आजार होता?"

"बहिणीला. का?"

"ही हातातली गाठ नाही. हे गळ्यातल्या ग्रंथीचं मांस आहे. तुझ्या हातात कसं आलं?"

मी सांगितलं नाही. म्हटलं, कापा, आणि माझ्यासमोर जाळा. त्यांनी तसं केलं. खिडकीतून मी धूर पाहिला. फाटकाशी माझा माग काढत आलेले काका उभे होते, नाना बरोबर. काकांच्या हातात बर्फाची बरणी होती. ती रिकामी घेऊन त्यांना परतावं लागलं. येताना गाडीत नाना पहिल्यांदाच माझ्याशी थेट बोलले. म्हणाले, "काकांचं केवढं नुकसान केलंस."

आता दुपारी भोंगा झाला की मी अंगणात बसतो. कुंपणावर एक कावळा येतो. आधी त्याने माझ्या रिकाम्या बाहीकडे पाहिलं आणि सोडून दिलं. हल्ली मान वाकडी करून तो माझ्या गळ्याकडे बघतो. काकांचा निरोप दोनदा आला: येऊन जा, नुसतं तपासतो.

प्रभा गेली. माझा उजवा हात कोपरापासून गेला. हे डाव्या हाताने लिहिलंय.