आश्लेषा बघायची तर...

चैत्रातली अवस. गच्चीवर कुरडया गोळा करत होते, तेवढ्यात गल्लीतला दिवा गेला.

"ओ वायरमन! कावून घालवली लाईट? कुरडया मोडल्या ना माझ्या!"

खांबाला टेकवलेल्या शिडीवरून, अगदी आमच्या कठड्याजवळून आवाज आला, "नवा दिवा बसवायलोय. तवर वर बघा की... चांदण्या लई हायत."

"माझं अन् चांदण्यांचं न्हाई जमत," मी फणकारले. "आश्लेषावर जन्मले मी. सासूच्या मुळावर! तीन स्थळं परत गेली तिच्यापायी."

"मग बघितली असंल की तिला."

"...न्हाई."

पंचांगात सगळे दाखवतात हो, आभाळात कोण दाखवणार?

तो हसला. आमच्या धर्मापुरीला नुकताच बदलून आलेला वीरेश तो हाच, हे नंतर कळलं. "डोक्यावर ती ठळक मघा. पश्चिमेला तशीच दुसरी, प्रश्वा. दोघींच्या मधोमध, जराशी दक्षिणेला... पाच-सहा फिक्या चांदण्यांचा झुबका."

"काई दिसंना."

"डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. अन् रोखून बघू नका. नजर जरा बाजूला ठेवा — फिकी चांदणी डोळ्याच्या कोपऱ्यातच घावती."

मी नजर बाजूला वळवली. बाजूला तोच होता, अन् चांगला रोखून बघत होता!

"तुमी तर थेट बघायलात!"

"तुमी कुठं फिक्या?"

मेला! कानशिलं तापली माझी. अन् नेमकी तेव्हाच ती दिसली. एवढुशी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हिनं माझी स्थळं मोडली? मला रडूच आलं.

त्या दिव्यात मग महिनाभर रोज काही ना काही बिघाड निघत राहिला. एका संध्याकाळी शिडीवरूनच वीरेश म्हणाला, "वर्षाराणी... आईला सांगू?"

त्याला आईशिवाय कुणी नव्हतं. "नको. त्यांना उद्या साधा ताप आला, तरी मला वाटंल माझ्यामुळं आला. लोकांचं सोडा... मलाच भ्या वाटतंय."

तो उतरून गेला. मी रात्रभर उशी भिजवली.

दुसऱ्या दिवशी वैशाखातली अवस. चांगला अंधार पडल्यावर एक बाई गुडघ्यावर हात ठेवत, धापा टाकत आमच्या गच्चीवर आल्या. वीरेशच्या आई, शिवगंगाबाई! वीरेश खाली शिडीवर. त्यांनी हुकूम सोडला, "घालव रे लाईट." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "दाखव ग माय, मला न्यायला टपलेली कोणती ती."

मी बोट दाखवलं. "थेट नका बघू... जरा बाजूला..."

त्यांनी मान तिरकी करून बघितलं.

"अगंबाई, ही व्हय? हिच्यापेक्षा तुमच्या जिन्यानंच माझा जीव घेतला!" त्यांनी माझा गार पडलेला हात धरला. "लग्नाच्या आधीच माझ्या तापाची काळजी करणारी पोरगी. या एवढ्याशा चांदणीपायी सोडू व्हय तिला?"

हात तसाच धरून त्या कठड्यावरून वाकल्या अन् ओरडल्या,

"लाव रे लाईट! सुनेचं तोंड बघू दे मला."