खुर्ची करकरली, परत एकदा

मी तिथे गेले होते ती फक्त एक फाइल परत करायला. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमचा दादा आजही म्हणतो की मी सगळं ठरवूनच गेले होते. कशाचं ठरवून! पायात घरातल्याच चपला होत्या माझ्या.

फाइल वहिनीची होती. वहिनी इंग्रजीची शिक्षिका. एका छोट्या प्रकाशनाची दोन पुस्तकं तिने आपल्या आवाजात वाचून दिली होती, आणि आता तिसरं होतं – इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी रोजच्या वापरातले एकशेवीस वाक्प्रचार. आधी इंग्रजी, मग मराठी अर्थ, मग एक वाक्य. पण वर्षानुवर्षं वर्गात ओरडून ओरडून तिच्या घशाने संप पुकारला आणि डॉक्टरांनी दोन महिने मौन सांगितलं. तेव्हापासून वहिनी वहीत लिहून बोलायची. दादाशी भांडायचीही वहीतच. दादाची तब्येत त्या दिवसांत चांगलीच सुधारली होती.

तर प्रकाशनाच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर गेले, दार ढकललं. आत एवढीशी खोली. भिंतींना जाड रजया ठोकलेल्या, मध्ये काच, काचेपलीकडे कानांवर हेडफोन चढवलेला एकजण. केस विस्कटलेले, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्याने मान वर न करताच बटण दाबलं आणि त्याचा आवाज थेट माझ्या डोक्यावरच्या स्पीकरमधून आला.

"आलात? बसा, बसा. केवढा उशीर!"

"अहो, मी ती नव्हे... मी फक्त–"

"आवाजाची लेव्हल घेतोय. पहिल्या दोन ओळी वाचा."

आता, मी आहे बसस्थानकाच्या चौकशी खिडकीतली. समोर माइक दिसला की माझं तोंड आपोआप उघडतं. बसले आणि वाचलं.

"ब्रेक द आइस. पहिल्या भेटीतला अवघडलेपणा घालवणं. वाक्य – त्याने एक विनोद सांगितला आणि सगळे मोकळेपणाने बोलू लागले."

काचेपलीकडे त्याने हेडफोन कानांवर दाबले. मग तो हसला. चक्क हसला!

"ही बस कुठल्या फलाटावर लागते हो?"

"काय म्हणालात?"

"नाही, तुम्ही असं वाचलंत की मला पिशवी उचलून पळावंसं वाटलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "रोज हजारभर माणसं पळतात माझ्या आवाजावर," मी म्हटलं, "आणि एकाचीही बस चुकत नाही!"

त्याने पहिल्यांदा मान वर करून पाहिलं. डोळे तपकिरी होते. ते मी पाहिलं नाही, आपलं दिसलं.

"हिलाच बसवा," दारातून आवाज आला. संपादकबाई होत्या. पांढरे केस, गळ्यात चष्मा. मी घाईघाईने सगळं सांगून टाकलं – मी वहिनी नाही, नणंद आहे, आणि माझं इंग्रजी म्हणजे वहिनीच्या कपाटातली पुस्तकं चोरून वाचून आलेलं. बाई म्हणाल्या, "मला ऐकू येतंय तेवढं पुरे. हे पुस्तक नीट पार पडलं तर पुढची तीनही आहेत. बघ बाई."

मी काय बघणार? आठ वर्षं त्या खिडकीत तीच ती गावं ओरडत होते. घरी आनंदाने सांगितलं, तर दादा म्हणाला, "तुला? अगं, तुला इंग्रजी कुठे येतं?" मनात काही नव्हतं त्याच्या, पण लागलं. वहिनीने वहीच्या अख्ख्या पानावर लिहिलं – 'येतं!' आणि ते पान दादाच्या नाकासमोर धरलं.

मग दर शनिवार-रविवारी खिडकीची सकाळपाळी संपली की मी तिसऱ्या मजल्यावर. आत रेकॉर्डिंगसाठी पंखा बंद, घामाच्या धारा, आणि काचेपलीकडे तो. कान असे तिखट की विचारू नका. मी 'नमस्कार' म्हटलं की म्हणायचा, "आज खिडकीत भांडून आलात. 'र'ला धार आहे." मी त्याचं नाव ठेवलं कानसेन. इंग्रजी त्याला बेताचंच येत होतं, त्यामुळे प्रत्येक वाक्प्रचारापाशी त्याची शंका तयार.

"पोटात फुलपाखरं?" बटण दाबून तो विचारायचा. "खाल्लं तरी काय होतं त्यांनी?"

"धाकधूक होते तेव्हा म्हणतात तसं. आपल्या पोटात गोळा येतो, त्यांच्या पोटात फुलपाखरं."

"बरं कुठलं? गोळा की फुलपाखरं?"

"मला काय ठाऊक? मला अजून फक्त गोळाच माहीत आहे."

"हं... वाचा मग. सांभाळून वाचा, उडून जातील."

एका रविवारी पाऊस आला. बाहेरच्या पत्र्यावर असा ताशा लागला की काम बंदच करावं लागलं. त्याने चहा आणला, खिडकी उघडली, आणि आम्ही दोघं कठड्याला टेकून उभे राहिलो. ओला वारा येत होता. माझ्या कपावर पागोळीचा थेंब पडू नये म्हणून त्याने कपावर तळहात धरला होता, आणि तो आपण धरलाय हे त्याच्या लक्षातही नव्हतं. माझ्या होतं.

"पुढचा कुठला आहे?" त्याने विचारलं.

"पुल समवन्स लेग."

"हा सोपा आहे. पाय ओढणं. वर चढणाऱ्याला खाली खेचणं."

"फसलात! त्यांच्याकडे पाय ओढला म्हणजे नुसती फिरकी घेतली. थट्टा. वाईट हेतू नाही."

"आणि आपल्याकडे एवढा दुष्टपणा का?"

"तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून!" मी म्हटलं, आणि दोघंही हसलो. मग त्याने मला त्याच्या बाजूच्या खुर्चीत बसवून यंत्र दाखवलं – हे बोलायचं बटण, हे लाल गोल दाबलं की रेकॉर्डिंग सुरू. माझं बोट बटणावर होतं, त्याचं बोट त्याच्या शेजारी. मध्ये जेमतेम एक तांदळाचा दाणा मावला असता.

सगळं कसं छान चाललं होतं. एक सोडून.

"परत एकदा. बांगडी वाजली."

मी बांगड्या काढून ठेवल्या.

"परत एकदा. ओढणी सळसळली."

ओढणी घडी करून बाहेर ठेवली.

"परत एकदा... कबुतर."

आता कबुतराला मी काय करणार? आधी दोनदा, मग पाचदा, मग सातदा. 'पीस ऑफ केक' म्हणजे हातचा मळ. तो हातचा मळ मी अकरा वेळा वाचला. अकरा! पहिल्यांदा गंमत वाटायची. मग वाटायचं बंद झालं. मी आरशासमोर वाचायला लागले, भाजी चिरताना वाचायला लागले. खिडकीत पुटपुटताना एकदा माइक चालू राहिला आणि अख्ख्या स्थानकाने 'बटरफ्लाइज इन युअर स्टमक' ऐकलं. एक आजोबा येऊन विचारून गेले, ही बस कुठून सुटते म्हणून. तरी शनिवारी गेलं की आपलं, "परत एकदा."

आठव्या रविवारी जाता जाता बाईंनी मला थांबवलं. "ऐंशीच झालेत? तुझी वहिनी एका दुपारी तीस करायची गं. पुस्तक छापून येईल आणि आवाज अर्धवट. झेपत नसेल तर मोकळेपणाने सांग, मी दुसरी कुणी बघते."

घरी आले आणि मोरीत नळ सोडून रडले. दादाचंच खरं होतं म्हणायचं. वहिनीने दारावर टकटक करून फटीतून चिठ्ठी सरकवली – 'कोण काय म्हणालं? नाव सांग फक्त.' पण नाव कुणाचं सांगणार? चूक माझ्याच जिभेची होती ना.

पुढच्या शनिवारी आधी बाईंच्या टेबलापाशी गेले. आवाज शक्य तितका खिडकीतल्यासारखा ठेवला. "बाई, मला जमत नाहीये. दुसरी कुणी बघा."

बाईंनी चष्मा लावला. "वाचन वाईट आहे असं कोण म्हणालं?"

"कोणी म्हणायला कशाला हवं? एकेक वाक्य दहा-दहादा घ्यावं लागतं."

"दहादा?" बाईंनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. "हे त्याने मला दिलेलं आतापर्यंतचं काम. पुस्तकात हेच जाणार. वाच मोठ्याने."

वाचलं. ब्रेक द आइस, टेक एक. बटरफ्लाइज, टेक एक. पीस ऑफ केक... टेक एक. मी खालपर्यंत गेले. ऐंशीच्या ऐंशी, टेक एक. पहिल्यांदा वाचलेलंच सगळं घेतलं होतं. बाकीचं कुठेच नव्हतं.

"मला वाटायचं, तूच आठवड्याला दहा वाचतेस," बाई म्हणाल्या. "आता आत जा आणि विचार त्याला."

मी चिडले की गप्प बसत नाही. आमच्या घरात गप्प बसायचं काम सध्या वहिनीकडे होतं. मी काचेच्या पलीकडे, थेट त्याच्या खुर्चीपाशी गेले.

"कबुतर होतं?"

त्याने हेडफोन काढले. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला कळलं. "नव्हतं."

"बांगडी?"

"ती... एकदा वाजली होती."

"मग का?"

"काम संपलं असतं." तो खाली बघत होता. "तुम्ही आला नसता परत. आणि मला तुमचा आवाज ऐकायचा होता. म्हटलं, अजून एकदा... अजून एक आठवडा..."

काय सांगू, एरवी कुणी असं म्हटलं असतं तर मी विरघळले असते. त्या क्षणी नाही. "इकडे तुम्ही ऐकत होता," मी म्हटलं, "आणि तिकडे मी आरशासमोर उभी राहून स्वतःला शिव्या घालत होते. मला येत नाही, मला कधीच येणार नाही म्हणून. आता बाईंना सोडते म्हणून सांगून आले मी! तुम्हाला थट्टा वाटली. माझे पाय ओढत होतात तुम्ही... आपल्या अर्थाने."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. बाजू मांडली नाही, मनधरणी केली नाही. उठला आणि सरळ बाईंच्या खोलीत गेला. मधल्या दोन काचांतून मला फक्त दिसत होतं – तो मान खाली घालून उभा, बोलतोय. बाई ऐकतायत, मग बाई बोलतायत, बराच वेळ. परत आला तेव्हा कान लाल होते.

"उशीर माझ्यामुळे झाला, सांगितलं त्यांना," तो म्हणाला. "तुमचा काही दोष नाही. बसता? क्रमांक एक्क्याऐंशी."

बसले. वाचलं.

"ठीक. पुढे."

बांगडी वाजली, मला स्वतःला ऐकू आली. पण ती दोन वाक्यांच्या मध्ये होती. "ठीक. पुढे." कोल्ड फीट, ऐनवेळी कच खाणं. "ठीक." बीट अराउंड द बुश, आढेवेढे घेणं. "पुढे." नव्वद, शंभर, एकशेदहा. मी वाचत होते आणि मला आतून फुटेस्तोवर आनंद होत होता, कारण येत होतं मला! सगळं येत होतं, पहिल्यापासून. आणि मग कुठेतरी एकशेपंधराच्या आसपास लक्षात आलं की मी पानं सावकाश उलटतेय. पाणी पितेय. ओढणी उगाचच सारखी करतेय. प्रत्येक 'पुढे'बरोबर तो आपल्याच हाताने शनिवार-रविवार संपवत होता, आणि थांबत नव्हता.

"कॉल इट अ डे. आजचं काम इथेच थांबवणं. वाक्य – उशीर झाला, चला, आता थांबू या."

"ठीक," तो म्हणाला. मग हेडफोन काढून ठेवत, "झालं."

बाई आत आल्या. "चाळीस? एका दुपारी? पुढची तिन्ही पुस्तकं तुझी. आणि हे बघ, यंत्रावर याला ठेवायचं की दुसरा माणूस बघायचा, ते तू ठरव. वाचणारी तू आहेस."

तो वायर गुंडाळायला लागला होता, जणू उत्तर त्याला माहीतच होतं.

"आधी यांची लेव्हल घेऊन बघते," मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि चष्मा शोधायच्या निमित्ताने निघून गेल्या. चष्मा गळ्यातच होता.

मी त्याला काचेपलीकडे माइकसमोर बसवलं. स्वतः त्याच्या खुर्चीत बसले, हेडफोन चढवले, लाल गोल दाबलं. त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. अरे देवा, म्हणजे माझाही असाच येत असणार इतके दिवस!

"बोला," मी बटण दाबलं.

"काय बोलू?"

"जे ऐंशी वाक्यांत बोलायचं राहिलं ते."

"मी... म्हणजे असं आहे की..." खुर्ची करकरली. "मी चुकलो. तुमचा आवाज मला हवा होता आणि तुमचा विचारच केला नाही मी. आणि... मला तुम्ही आवडता. आवाज नाही नुसता. तुम्ही. भांडून आलेल्यासुद्धा."

माझ्या पोटात काहीतरी उडालं. गोळा नव्हता तो, खात्रीने सांगते.

पण मी एवढ्यावर सोडणार होते थोडीच! बटण दाबलं. "परत एकदा. खुर्ची करकरली."

त्याने काचेतून पाहिलं. हळूच हसू फुटलं. "मी चुकलो. आणि मला तुम्ही आवडता."

"परत एकदा. घाई केलीत."

"मला तू आवडतेस."

"परत एकदा... कबुतर."

अकरा वेळा म्हणायला लावलं. मोजून अकरा. शेवटच्या वेळेस त्याचा घसा बसला, तेव्हा मी काचेला वळसा घालून गेले आणि त्याच्या हातावर हात ठेवला. त्या तांदळाच्या दाण्याएवढी जागाही उरली नाही.

घरी वहिनीला सगळं सांगितलं. तिचं मौन संपायला तीन दिवस होते, पण ती मोठ्याने हसलीच. मग वहीत लिहिलं – 'अकरा टेक? त्यातला ठेवलास कुठला?'

पहिला. करकरणाऱ्या खुर्चीसकट.