प्रतीक्षालयातल्या फुल्या

हातोडा वर गेला होता. तो खाली यायच्या आत ती दारातूनच ओरडली, "थांबा!"

मजुराने हात आवरला. त्याच्या पायाशी प्रतीक्षालयाची जुनी काळी-पांढरी फरशी होती आणि तिच्यावर खडूने ठसठशीत फुली मारलेली. त्या बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. फुली दिसेल ते फोडायचं, हा नियम तिनेच घालून दिला होता. रेल्वेमार्ग बदलल्यापासून बंद पडलेल्या या स्टेशनाचं सांस्कृतिक केंद्र करायचं काम तिच्याकडे होतं. इमारतीतलं काय राहणार आणि काय जाणार, हे तिचा खडू ठरवायचा. पण ही फुली तिची नव्हती.

"माझी आहे," मागून आवाज आला. "काही बिघडलं का?"

हातात खडू, केसांत चुन्याची धूळ आणि चेहऱ्यावर अपराधीपणाचा लवलेशही नाही, असा एक तरुण तिथे उभा होता. हा नाटकवाला. केंद्रात आपल्या मंडळींना कायमची जागा मिळेल या आशेने आवाज कसा घुमतो ते बघायला आला होता. नाटकात फुली म्हणजे नटाने उभं राहायची जागा, असं त्याने अगदी शांतपणे समजावलं.

"आमच्याकडे फुली म्हणजे मरण," ती म्हणाली.

"आमच्याकडे एंट्री." तो हसला. "बघा... एकाच खुणेचं काय काय होतं."

तिला राग यायला हवा होता. तो आला नाही, याचाच मग तिला राग आला.

मजुरांनी त्याचं नाव 'फुलीवाले' ठेवलं आणि फुलीवाले रोज संध्याकाळी उगवू लागले. फुलीऐवजी गोल काढा म्हटल्यावर त्याने असा काही वाकडातिकडा गोल काढला, की ती पोट धरून हसली. लाकूड बोटांनी वाजवून आतून पोकळ आहे का ते कसं ओळखायचं, हे तिने त्याला शिकवलं. एकदा त्याने तिला तिकीटखिडकीपाशी उभं केलं आणि स्वतः दुसऱ्या टोकाला जाऊन अगदी हळू म्हणाला, "तुम्हाला चुना शोभून दिसतो."

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली. कान मात्र लाल झाले होते.

"मग... पुन्हा म्हणू?"

"नको. कामं पडलीयत."

घरी ताईपासून काही लपणं शक्यच नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याला तू हवीयस, की तो हॉल? हॉल मिळाला की बघ, गडी गुल होतो का नाही." ताई थट्टाच करत होती, पण ते तिच्या जिव्हारी लागलं. कारण प्रतीक्षालय नाटकाला द्यायचं की नाही, हे केंद्राच्या समितीने तिच्यावरच सोपवलं होतं. दिलं, तर तो कशासाठी येतो हे कधीच कळणार नव्हतं. नाही दिलं, तर तो बहुधा येणारच नव्हता.

शेवटी निकाल छतानेच दिला. तुळयांची भिंतीत गेलेली टोकं कुजली होती. दुरुस्तीनंतर त्या छत पेलणार होत्या, पण नाटकाचे दिवे आणि जड पडदे पेलणं त्यांना शक्य नव्हतं. वेगळं उत्तर मिळेल या वेड्या आशेने तिने पुन्हा पुन्हा शिडी लावून बघितलं. लोखंडी खांब ठोकता आले असते, पण मग ते प्रतीक्षालय उरलंच नसतं.

हे तिने स्वतःच त्याला सांगितलं. त्याने शिडीवर चढून तुळईला बोट लावलं, तर भुसा खाली आला. "बरं झालं आधीच कळलं," तो उतरत म्हणाला. "नाहीतर पडदा नटाच्याच डोक्यावर पडला असता." मग आभार मानून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्याही नाही. आठवडा तसाच गेला. तिचं कशात लक्ष लागेना. तिचं त्याच्यावर प्रेम होतं, आणि ते तिला असं, तो नसताना कळलं. ताईही चिडवणं सोडून गुपचूप तिच्या पुढ्यात ताट ठेवू लागली, तेव्हा तर तिला रडूच आलं.

मग एका भुरभुर पावसाच्या संध्याकाळी तो दारात उभा राहिला. त्याच्या मंडळींना एका शाळेचं सभागृह मिळालं होतं, तालमी सुरू झाल्या होत्या, त्या धावपळीत होतो, म्हणाला.

"मग आता इथे काय काम काढलंत?" तिने फूटपट्टीकडे बघत विचारलं.

"काही नाही. म्हणूनच आलो." तो म्हणाला. "रोज हॉलचं निमित्त होतं... तुम्हाला शंका आली असेल. खरं सांगू, मलाही होती. हॉल गेला त्याचं एक रात्र वाईट वाटलं. तुम्ही दिसत नव्हता, त्याचं... अजून वाटतंय."

मग तिने फूटपट्टी खाली ठेवली.

"हे सगळं ताईसमोर सांगता येईल?"

"आत्ता सांगतो. येऊ?"

इतके दिवस ती त्याला 'या', 'बसा', 'बघा' असंच म्हणत आली होती. तिने छत्री उचलली.

"चल," ती म्हणाली.