पंख्याची खडखड

रात्र नव्हती. पाऊस नव्हता. टळटळीत दुपार होती, आणि अग्निशमन केंद्राच्या वायरलेस खोलीत वहिनी एकट्याच होत्या. हे घडलंय. ज्याला हसायचंय त्याने खुशाल हसावं. वहिनींसमोर मात्र हसू नये.

सगळं केंद्र त्यांना वहिनीच म्हणायचं, कारण त्यांचा सख्खा दीर तिथे बंबावर होता.

आदल्याच आठवड्यात इंजिनिअरने त्यांच्या टेबलावर नवा कंट्रोलर बसवला होता. माइकमधली सगळी खरखर गाळून तो फक्त माणसाचा आवाज पुढे पाठवायचा.

"वहिनी, आता तुमचा खटारा पंखा वायरलेसवर कुणाला ऐकू जाणार नाही."

"अरेरे! त्या पंख्यावरूनच तर सगळे माझी टर उडवतात. आता काय करतील बिचारे?"

कंट्रोलरवर एक लाल दिवा होता. दुसऱ्या टेबलावरून कुणी बोललं की तो लागावा, अशी सोय होती.

दुसरं टेबल कधीच काढून टाकलं होतं.

त्या दुपारी एका गोदामाला आग लागली. भाऊजी दोघा साथीदारांना घेऊन आत शिरले. इतक्यात बाहेर उभ्या साहेबांनी कळवलं, छप्पर वाकतंय.

वहिनींनी बटण दाबलं. "भाऊजी, मागे फिरा! छप्पर खचतंय."

"निघालो, वहिनी."

त्यांनी बटण सोडलं... आणि लाल दिवा लागला.

"भाऊजी... आत या. मागच्या खोलीत मूल आहे..."

आवाज वहिनींचा होता.

त्यांनी तोंडही उघडलं नव्हतं.

अंगावर सर्रकन काटा आला. मागे वळून बघायची हिंमत होईना.

"वहिनी, नक्की काय? मूल आहे?"

"नाही! ते मी नाही बोलले! बाहेर या!"

"लवकर या... ते रडतंय..."

दोन्ही आवाज हुबेहूब. दोन्ही धुतल्यासारखे स्वच्छ. आणि मुलाचं नाव काढल्यावर भाऊजी थांबणारे नव्हते, हे वहिनींना पक्कं ठाऊक होतं.

मग मात्र त्यांचं डोकं फिरलं. भीती गेली चुलीत!

त्यांनी आवाज गाळायचं बटण बंद केलं. पंखा पूर्ण वेगात सोडला. माइक उचलून त्याच्याखाली उभ्या राहिल्या.

"भाऊजी, माझ्यामागे पंखा खडखडतोय, ऐकू येतोय? तीच मी! जिच्यामागे काहीच ऐकू येत नाही ती मी नाही! पळा!"

मग दिव्याकडे बघून कडाडल्या, "आणि तू गं! माझाच आवाज चोरतेस? माझा दीर तुला मिळायचा नाही. चल, नीघ!"

दिवा तसाच... स्पीकरमध्ये नुसता श्वास...

"आलो, वहिनी," भाऊजी धापा टाकत म्हणाले. "तिघंही बाहेर आहोत."

त्यांच्यामागे छप्पर कोसळल्याचा आवाज आला.

नंतर सगळी राख उपसली. गोदामात मूलबीळ कुणी नव्हतं.

इंजिनिअरने वायरन् वायर तपासली. दोष सापडला नाही. साहेब म्हणाले, गाळणी पुन्हा चालू करा. वहिनींनी त्या बटणावर चिकटपट्टी गच्च चिकटवली.

"ज्याला हे चालू करायचंय, त्याने आधी माझ्या खुर्चीत बसावं."

कुणी बसलं नाही.

गेल्या महिन्यात पंखा दुरुस्तीला गेला होता. भरदुपारी भाऊजी हसत खोलीत आले.

"वहिनी, पंखा आला वाटतं? दुरुस्त कसला केलाय! आत्ता तुम्ही वायरलेसवर हाक मारलीत तेव्हासुद्धा खडखडत होता."

वहिनींनी वर पाहिलं. छताला नुसता हूक होता.

"मी... काय म्हणाले?"

"'आत या' म्हणालात. म्हणून तर आलो."

वहिनी उठल्या. भाऊजींचं मनगट घट्ट धरलं आणि त्यांना दाराबाहेर काढलं. मग परत येऊन खुर्चीत बसल्या.

"पंखाही शिकलीस? शीक. मीही इथून हलत नाही."

लाल दिवा लागला...