एका प्याल्याची मंडळी

पेटी उघडी होती. आतल्या मखमलीवर प्याल्याच्या बुडाचा गोल वळ तेवढा उरला होता. प्याला नव्हता.

चर्चच्या आतल्या खोलीत त्या वेळी दोनच माणसे होती. एक शिंपीकाका आणि दुसरी किल्लीमावशी. चर्चची झाडलोट, घंटा आणि किल्ल्या एकोणीस वर्षे सांभाळणाऱ्या त्या विधवा बाईला हे नाव मंडळीतल्या पोरांनी दिले होते, आणि आता खुद्द पाळकसाहेबही तिला त्याच नावाने हाक मारीत.

"काका," मावशी म्हणाली, "शुक्रवारी सकाळी मी तो राखेने घासला. या हातांनी पेटीत ठेवला. काल पेटी उघडलीच नाही."

शिंपीकाकांनी रिकाम्या पेटीत वाकून पाहिले. ते आले होते निराळ्याच कामाला. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांचा, हा पहिला रविवार, म्हणून प्रभूच्या मेजावर जांभळे कापड हवे होते. त्याची झालर उसवल्यामुळे ते आठवडाभर काकांच्या दुकानात पडून होते. आज उजाडताच शेवटचा टाका घालून, दोरा दातांनी तोडून, त्यांनी ते स्वतः आणले आणि स्वतःच मेजावर अंथरले. मागच्या अंगणात दोरीवर जुने हिरवे कापड धुऊन वाळत घातलेले होते, तेही येताना त्यांनी पाहिले होते.

उपासनेच्या तीन घंटा होत. पहिलीला लोक घरून निघत, दुसरीला बाकांवर बसत आणि तिसरीला पाळकसाहेब उभे राहत. पहिली नुकतीच झाली होती. तिसरीला अजून तास होता.

आणि हा रविवार साधा नव्हता. गेल्याच रविवारी मावशीच्या भावाला मंडळीचे सभासद करून घेतले होते. मारामारीत एका माणसाचा हात निकामी केल्याबद्दल सात वर्षे तुरुंगात काढून तो आला होता. आज तो पहिल्यांदा प्रभुभोजन घेणार होता. या मंडळीत द्राक्षारसाचा प्याला एकच. सर्वांनी रांगेने त्याच एका प्याल्याला ओठ लावायचे, हा येथला जुना आणि न मोडलेला रिवाज.

अर्ध्या घटकेत पंच जमले. पाळकसाहेब वयाने तरुण, मनाने हळवे. पंचांमध्ये थोरले हेडमास्तर. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षे झाली होती. तथापि आवाज अद्याप वर्गातलाच होता. फरशीवर त्यांचे बूट करकरत आले म्हणजे गायकवृंदसुद्धा कुजबुज थांबवी.

"मी हे सांगणार नव्हतो," हेडमास्तर म्हणाले. "बाईमाणूस आहे, म्हणून गप्प होतो. पण काल संध्याकाळी मी तिला प्याला नेताना पाहिलं."

मावशीचा चेहरा दगडासारखा झाला.

शिंपीकाका पुढे सरकले. "हेडमास्तर, दोन-चार प्रश्न विचारू का?"

"तुम्ही पंच नाही."

"सभासद आहे. विचारू?"

पाळकसाहेबांनी मान हलवली.

"किती वाजता पाहिलंत?"

"साडेपाच."

"कुठून?"

"मधल्या दारातून. चार पावलं आत आलो होतो."

"ती काय करत होती?"

"मेजापाशी उभी होती. प्याला मेजावर ठेवलेला. जांभळ्या कापडावर तो चांदीचा प्याला, त्यावर खिडकीतलं ऊन. अजून डोळ्यांसमोरून हलत नाही ते. मग तिने तो शालीत गुंडाळला आणि मागच्या दाराने गेली."

"हाक नाही मारलीत?"

"वाटलं, घासायला नेत असेल."

"तिने तुम्हाला पाहिलं नाही?"

"पाठमोरी होती."

काकांनी हेडमास्तरांच्या बुटांकडे एकवार पाहिले आणि ते मागे सरकले.

पंचांचा निर्णय व्हायला वेळ लागला नाही. मावशीने किल्ल्या खाली ठेवाव्यात, संध्याकाळपर्यंत अंगणातली राहती खोली सोडावी. भावावरही संशय, म्हणून त्याचे प्रभुभोजन लांबणीवर टाकावे. आणि आजची उपासना अडू नये म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र असे छोटे छोटे पेले वापरावेत. "सुदैवाने माझ्या घरी काचेचे पेले आहेत," असे म्हणून हेडमास्तर गेले, आणि पाहता पाहता भोके पाडलेल्या नव्याकोऱ्या लाकडी तबकात ओळीने बसवलेले पेले घेऊन परतही आले.

"मावशी, किल्ल्या," पाळकसाहेब खाली पाहत म्हणाले.

"नाही देणार," मावशी म्हणाली. "चोरी मी केली नाही. केली असं तुमच्या समाधानासाठी म्हणणारही नाही. हाताला धरून बाहेर काढायचं असेल तर काढा. पण तिसऱ्या घंटेनंतर, सगळ्यांच्या देखत काढा."

"उद्धटपणा!" हेडमास्तर कडाडले.

"उद्धट तर उद्धट," शिंपीकाका म्हणाले. "पाळकसाहेब, तिसऱ्या घंटेपर्यंत मला वेळ द्या. नाही दिलात तर मी अंथरलेलं कापड काढून घरी नेतो. उघड्या मेजावर करा उपासना."

पाळकसाहेबांनी घाम पुसला. "तिसऱ्या घंटेपर्यंत," ते म्हणाले.

घंटेच्या दोराजवळ मावशीचा भाऊ उकिडवा बसला होता. नवा सदरा, त्याची वरची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली.

"ताई, मी निघून जातो," तो म्हणत होता. "माझ्यामुळंच हे सगळं. मी गेलो की मिटेल."

"बस खाली," मावशी म्हणाली. "तू पाहुणा नाहीस. पाहुणा जातो. सभासद बसतो."

"लोक मला चोर म्हणतायत."

"तू मारामारी केलीस, चोरी नाही. निदान लोकांनी गुन्हा तरी बरोबर लक्षात ठेवावा."

काकांना हसू आले, पण त्यांनी ते गिळले. "मावशी, काल साडेपाचला मेजावर काय होतं?"

"नुसतं लाकूड. हिरवं मी दुपारीच काढून धुतलं. जांभळं तुमच्याकडे. माझी सांगायची सोय आहे का? माझं कोण ऐकणार?"

"आज तुझ्या भावाला कुठे बसवलंय?"

"दुसऱ्या बाकाच्या टोकाला. पाळकसाहेबांनीच बसवलं."

"आणि तिसऱ्या बाकाच्या सुरुवातीला कोण बसतं?"

मावशी त्यांच्याकडे पाहत राहिली. ती जागा हेडमास्तरांची, हे मंडळीतल्या लहान मुलालाही ठाऊक होते.

तेवढ्यात दुसरी घंटा द्यायची वेळ झाली. मावशीने दोर असा ओढला, की छपरावरची कबुतरे उडाली.

काका बाकांमधून फिरत सुतारापाशी जाऊन बसले. सुताराच्या बोटांना अद्याप रोगणाचा वास होता.

"तबक छान झालंय," काका हळूच म्हणाले.

सुतार खूश झाला. "चार दिवस लागले त्याला. हेडमास्तर रोज येऊन बसायचे. शनिवारी रात्रीपर्यंत हवंच म्हणाले."

"कशाला ते सांगितलं?"

"म्हणाले, लवकरच उपयोगी पडेल."

काका उठले. खोटे तर त्यांच्या हाती आले होते. प्याला मात्र आला नव्हता. प्याल्याशिवाय त्यांचे बोलणे म्हणजे एका म्हाताऱ्याचा दुसऱ्या म्हाताऱ्यावर आरोप एवढेच ठरले असते. ते आतल्या खोलीत गेले. तेथे कापडांचे जुने कपाट होते. त्याला चार खण: हिरवा, जांभळा, तांबडा आणि सर्वांत खाली पांढरा. काकांनी एकेका खणावरून नजर फिरवली. मग वाकून त्यांनी एक खण बोटभर उघडला, पुन्हा लावला, आणि बाहेर आले.

मावशीने तिसऱ्या घंटेसाठी दोर हाती घेतला, तोच काका मेजापाशी जाऊन उभे राहिले.

"थांब मावशी. बंधूंनो आणि भगिनींनो, घंटेआधी मला बोलायचंय."

हेडमास्तर तिसऱ्या बाकावरून अर्धे उठले.

"हेडमास्तर म्हणतात, काल साडेपाचला त्यांनी या मेजावर, जांभळ्या कापडावर प्याला पाहिला. आगमनकाळाच्या आदल्या दिवशी मेजावर जांभळं येतं, हे त्यांना तीस वर्षांच्या सवयीने माहीत. बाहेरचा माणूस ही चूक करूच शकला नसता. त्याला रंगाचा रिवाजच ठाऊक नसता. पण या वर्षी झालर उसवली. काल साडेपाचला हे कापड माझ्या मांडीवर होतं. मी ते आज उजाडल्यावर इथं घातलं. काल इथं नुसतं लाकूड होतं. मग जे कापड इथं नव्हतं, त्यावर प्याला यांनी पाहिला कसा?"

काकांनी झालरीचा नवा टाका बोटाने वर उचलून दाखवला.

"यांनी आज सकाळी आल्यावर जांभळं पाहिलं, ते नेहमीसारखं कालच आलं असं धरलं आणि कालच्या गोष्टीत घातलं. शिवाय हे म्हणतात, चार पावलं आत आले आणि मावशीला कळलं नाही. हेडमास्तर, कृपा करून चार पावलं चालून दाखवा."

मागच्या बाकांवर कोणीतरी खुदकन हसले. हेडमास्तर जागचे हलले नाहीत.

"प्याला हरवला हे आपल्याला आज कळलं. पण त्याऐवजीच्या पेल्यांचं तबक सुतार चार दिवस करत होता. ज्याला आधी माहीत होतं, त्यानेच आधी तयारी केली. शुक्रवारी पंचांची सभा होती. पेटीची किल्ली दारामागच्या खिळ्याला असते, हे सगळ्या पंचांना माहीत. त्या दिवशी सगळ्यांच्या आधी कोण आलं होतं, पाळकसाहेब?"

"हेडमास्तर," पाळकसाहेब पुटपुटले. "कंदील लावायला."

"पण प्याला कुठाय?" सुताराने ओरडून विचारले.

"तेच मला सुचत नव्हतं. मग वाटलं, ज्याने तीस वर्षं या प्याल्यापुढे मान वाकवली, तो त्याला गटारात टाकणार नाही. घरी स्वयंपाकघरातही ठेवणार नाही. त्याचं मन धजणार नाही. तो त्याला इथंच ठेवेल, पण अशा जागी, जी कोणी इतक्यात उघडणार नाही. पांढरं कापड आता ख्रिस्तजन्माच्या उपासनेआधी निघत नाही. चार आठवडे! तोवर छोट्या पेल्यांची सवय झाली असती, मावशी गेली असती, आणि प्याला 'सापडला' असता. पाळकसाहेब, पांढऱ्याचा खण उघडा."

पाळकसाहेब आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत पांढरे कापड होते आणि कापडात प्याला.

हेडमास्तर आता पूर्ण उभे राहिले. त्यांचा आवाज खाली आला नाही. "हो, मी ठेवला! चोरी नाही केली. घराबाहेर नेला नाही. पण त्या माणसाच्या ओठांनंतर माझे ओठ? कुठल्या कोठडीतून, कुठला आजार घेऊन आलाय देव जाणे! मला घर आहे, नातवंडं आहेत."

मावशी दोर सोडून मधल्या वाटेने पुढे आली.

"आजाराचं मला विचारा, हेडमास्तर. एकोणीस वर्षं तुमच्या सगळ्यांचा उष्टा प्याला मी धुतेय. कोण खोकतं, कुणाचे ओठ फुटलेत, कुणाचा दात हलतो, मला सगळं माहीत. मी कधी नाक मुरडलं? आणि खोटी साक्ष दिलीत ती कुठल्या आजाराची?"

हेडमास्तर बाकावर खाली बसले.

एक पंच म्हणाला, "यांना मंडळीतून काढा. आत्ता!"

"कोणी कोणाला काढायचं नाही," मावशी म्हणाली. "मला काढायला निघाला होतात तुम्ही, तेव्हा कसं वाटतं ते मला कळलं. दार उघडायचं काम माझं आहे. ते उघडंच राहील. यांना जायचं तर जाऊ देत. पण प्याला बदलणार नाही आणि रांगही बदलणार नाही."

तिने तिसरी घंटा दिली. इतक्या उशिरा ती कधीच झाली नव्हती.

हेडमास्तर आपले बाक सोडून मागे गेले आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसले. काचेच्या पेल्यांचे तबक कोणी उचलले नाही, कोणी हातही लावला नाही.

प्रभुभोजनाची वेळ आली. पहिले बाक झाले. दुसऱ्याच्या टोकाला मावशीचा भाऊ गुडघे टेकून बसला. प्याला ओठांशी आला तेव्हा त्याने गळ्याची गुंडी सोडली आणि तो प्यायला. त्याच्यानंतर शिंपीकाका आपणहून येऊन टेकले आणि त्याच जागी ओठ लावून प्यायले. मग सुतार, मग बाकीचे.

रांग संपली. उरलेले पाळकसाहेबांनी प्यायचे आणि प्याला झाकायचा, अशी पद्धत. पाळकसाहेबांनी झाकणासाठी हात पुढे केला.

"झाकू नका," मावशी म्हणाली. "रांग अजून संपली नाही."

ती दाराकडे पाहत उभी राहिली. पाळकसाहेब प्याला धरून उभे राहिले. गायकवृंद गाणे संपवून पुन्हा पहिल्या कडव्यावर आला. कोणी मागे वळून पाहिले नाही. पण सगळ्यांचे कान मागेच होते.

शेवटच्या बाकापाशी बूट करकरले. एक पाऊल. मग थांबले. दार तिथून दोन हातांवर होते, उघडे.

मग करकर पुन्हा सुरू झाली, आणि ती मेजाच्या दिशेने येऊ लागली.