टेपचं दुसरं टोक

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण माझी मामेबहीण रुद्राणी थापा मारणारी पोरगी नाही. खोटं बोलली की तिचे कान लाल होतात. हे सांगताना ते पांढरेफटक पडले होते.

रात्र नव्हती. गेल्या मे महिन्यातली भर दुपार. जागा, परभणीकडच्या ताडकळसच्या शिवारातली बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर.

रुद्राणी तेव्हा आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला होती. बारवेचं थ्री-डी मॉडेल संध्याकाळी सहाच्या आत अपलोड करायचं होतं. नाही केलं तर वर्ष गेलं.

पूर्वी अशा मोजणीला चार-पाच जणांचा गट जायचा. आता फोन फिरवला की स्कॅन होतं, म्हणून सरांनी एकेकाला एकेक बारव वाटून दिली होती. अर्धे वर्ग ऑनलाइन, तपासणीही ऑनलाइन. जिवाभावाची म्हणावी अशी एक मैत्रीण तिला कॉलेजात मिळाली नव्हती.

बांधावर गावातल्या कडूबाई शेळ्या राखत होत्या.

"एकटीच आलीस व्हय गं? टेप धरायला कोण हाय?"

"आता फोनच मोजतो मावशी. दुसरं माणूस लागत न्हाई."

कडूबाई शेळ्या हाकत निघून गेल्या.

रुद्राणी खाली उतरली. बारव कोरडी ठाक होती. तिनं तीनदा स्कॅन केलं. तिन्ही वेळा तळाच्या कमानीखाली मॉडेलला भोक पडलं...

पायरीवर एक माणूस बसलं तर जेवढी जागा अडेल, तेवढंच.

पायरीवर कुणी नव्हतं.

शेवटी तिनं पिशवीतून टेप काढला. तेवढा भाग हातानं मोजायचा. टोक पायरीच्या कडेला अडकवून ती समोर गेली. पहिल्या वर्षी जोडीनं मोजायची सवय... तोंडातून निघून गेलं, "धर गं."

टेप ताणला गेला.

पारव्यांचं घुमणं थांबलं.

कमानीखालच्या अंधारात टोक दिसत नव्हतं. तिनं आकडा वाचला, वहीत लिहिला. मग हळूच म्हणाली, "पुढं."

खर्र... टोक दगडावरून पुढच्या पायरीवर सरकलं.

तेव्हाच पळायला हवं होतं. पण साडेतीन वाजून गेले होते आणि वर्ष जायची वेळ आली होती. तिनं अशी नऊ मापं घेतली.

"झालं. सोड."

सुटलं नाही.

"सोड ना..."

आता टेप तिकडून ओढला जायला लागला. हळूहळू. तिच्यासकट.

तिनं हातातला टेप टाकला आणि निसटलेल्या चपला तिथंच सोडून अनवाणीच वर पळाली.

मॉडेल वेळेत गेलं. ती पासही झाली.

नंतर मी विचारलं, "टेप ताणला तवाच पळाली का न्हाईस?"

ती म्हणाली, "खरं सांगू दादा? लय बरं वाटलं. कुणीतरी धरलंय म्हणून."

सध्या ती पुण्यात ट्रेनिंगला आहे. दिवसभर स्क्रीनसमोर, एकटीच. काल तिचा फोन आला. रजा टाकलीय, ताडकळसला जायचंय म्हणाली. टेप तिथंच राहिलाय.

"अगं, नवा घे की."



"नवा घेऊन काय करू दादा? धरणार कोण?"

परवा ती परभणीला उतरेल. तिला अडवायला मी स्टेशनवर जाणार आहे. पण ती माझं ऐकेल का, ते मला माहीत नाही.