उपाशीपोटीचं रक्त

पनवेलच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत दिपिका क्षयरोग्यांचं रक्त तपासायची. फुप्फुसातला क्षय जोरात असला की रक्तातली काही अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, उतरतात, औषध लागू पडलं की चढतात. हे कितपत खरं, याचा अभ्यास चालू होता. जेवणानेही ती चढतात, म्हणून अट एकच, रक्त उपाशीपोटी द्यायचं. चोरून खाऊन आलेला रोगी तिला आकड्यांवरून कळायचा. रक्ताला थाप मारता येत नाही, असं ती हसून म्हणायची आणि हसता हसता खोकायची. धुळीचा खोकला, हे तिचं स्वतःचंच निदान.

कोळीवाड्यातल्या ठमाबाईंचं रक्त मात्र दर वेळी आत्ताच मासळी खाल्ल्यासारखं. नवरा दिनानाथ वारल्यापासून बाईंना घास उतरत नव्हता, अंगावर नुसती हाडं राहिली होती.

"मावशी, खरं सांगा. खाऊन येता ना?"

"मी नाय खात गो. आमचा म्हातारा येऊन भरवतो. निवटीचं कालवण, काटं काढून."

खाडीच्या चिखलातली ही मासळी दिपिकाने कधी चाखली नव्हती. तिच्या घरात अंडंसुद्धा चालत नसे. तिने वाद घातला नाही, बाईंना वॉर्डात ठेवून घेतलं. सकाळी सिस्टरने शपथेवर सांगितलं, तोंडात पाण्याचा थेंब गेलेला नाही. रक्त पुन्हा तेच.

पण वजन वाढत होतं. एक्स-रेतला डाग विरत होता.

"नियम आहे, मावशी," दिपिका लहान मुलाची समजूत घालावी तशी म्हणाली. "त्यांना सांगा, रक्त देऊन होईपर्यंत येऊ नका."

पुढच्या खेपेला ठमाबाईंना उचलून आणावं लागलं.

"तुमी सांगतलं तसं बोलले. तवापासून येतच नाय. रुसला."

आकडे पार तळाला गेले होते. दिपिकाने बाईंचं नाव अभ्यासातून काढून टाकलं आणि त्यांचा वाळका हात हातात घेतला.

"बोलवा त्यांना. म्हणावं, पोरीचं चुकलं."

पावसाळा सरता सरता ठमाबाई स्वतःच्या पायांनी निरोप घ्यायला आल्या. गाल भरले होते. दिपिकाला खोकल्याची उबळ आली, तशी त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"माजं पोट भरलं आता. त्याला बोलले, या पोरीकडं बघ."

दिपिका हसली.

दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा पोट भरलेलं होतं.

जिभेवर खारट चव.

दाढेशी मऊसा तुकडा अडकला होता. तिने बोटाने काढून उजेडात धरला.

काटा नव्हता.